पट्टीने पाढा नव्हे, भीती पाठ होते

महोदय,
परीक्षा तोंडावर आल्या, की आमच्या अमळनेर-पारोळा भागातल्या काही शिकवण्यांत पाढा चुकला म्हणून पोरांच्या तळहातावर पट्टी बसते. शिक्षेने चूक तात्पुरती दबते, योग्य वर्तन रुजते ते लगेच मिळालेल्या प्रबलनाने (म्हणजे शाबासकीसारख्या प्रोत्साहनाने), असे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर सांगत. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह कुत्र्याला खाणे देण्याआधी मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) वाजवत; पुढे त्याला नुसत्या टिकटिकीनेच लाळ सुटे. तसाच पट्टीच्या सवयीने आमच्या पोरांच्या पोटात गणिताचे पुस्तक पाहूनच गोळा येतो. अडखळत का होईना, पोरगं ‘सात चोक अठ्ठावीस’ म्हणालं, तर तिथल्या तिथे शाबासकी द्या. महिन्याने प्रगतिपुस्तकात नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारायला बंदी आहेच. शिकवणीची फी भरतानाच पालकांनी ‘मारायचं नाही’ असं ठणकावून सांगावं.

– एक पालक, अमळनेर (जि. जळगाव)