निळा ठिपका आणि दिशाफलक

महोदय,
मोबाइलच्या नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर हल्ली लोक डोळे झाकून गाडी हाकतात. खरे तर आपण कुठे आहोत हे उपग्रहाला ठाऊकच नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवत राहतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून गणित मांडतो तो आपला फोन. ताम्हिणीसारख्या घाटात हे संदेश डोंगरामुळे अडतात किंवा कड्यावर आपटून उशिरा येतात, आणि ठिपका भरकटतो. त्याभोवतीचे फिकट वर्तुळ मोठे झाले, की फोन ‘इथेच कुठेतरी’ म्हणतोय असे समजावे. (ते वर्तुळ बघतो कोण म्हणा!) शिवाय अ‍ॅप ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवते, मग उड्डाणपुलाखालून जाणाऱ्यालाही कधीकधी पुलावरचे वळण सांगितले जाते. नकाशाच जुना असेल तर बोलायलाच नको. अशा वेळी आधार दिशाफलकांचाच; पण घाटातल्या फाट्यांवरचे दिशाफलक वेलींनी झाकले गेले आहेत, काहींवरची अक्षरे पुसली आहेत. संबंधित खात्याने पावसाळ्याआधी ते साफ करून रंगवावेत.
— एक वाचक, पुणे