मॅडम, दुधाचा हिशोब फाडू दिला नाहीत म्हणून

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गावाचं आणि साखर कारखान्याचं पण लिहीत नाही, आमचा ऊस अजून तिथंच जातो. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. कुरडयावाल्या काकूंचा मुलगा, चौकात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे तो.

दिवसभर मी लोकांचे अर्ज टाइप करतो, "वरील विषयास अनुसरून" तर झोपेत पण लिहीन, पण हे पत्र लिहायला बसलो आणि तीन दिवस पहिली ओळच सुचेना. तक्रार लिहायची सवय आहे हो, आभार मानायची वेळच कधी आली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आई आणि शेजारच्या तीन बायका उन्हाळ्यात पापड, सांडगे, कुरडया करून विकतात. कुरडयांचं काम पहाटेचं. चारला उठून चीक शिजवायचा आणि उजाडायच्या आत गच्चीवर धुतलेल्या साड्या अंथरून त्यावर घालायच्या. नेमका तेव्हाच गाळप हंगाम चालू असतो आणि वरून काजळी पडते. कारखान्याच्या बॉयलरात जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, ती काजळी म्हणजे धूळ नव्हे, लांबट, हलकी, जळक्या पिसासारखी असते. वाळलेल्या पापडावर पडली तर फुंकून जाते, पण ओल्या कुरडईवर पडली की चिकटतेच आणि बोटानं काढायला गेलं की काळा फराटा उठतो. एका सकाळी आख्खी साडीभर कुरडई आईनं गाईला घातली. रडली वगैरे नाही, नुसती साडी झटकली आणि आत गेली.

ही काजळी तपासायला तुमच्या आधी प्रदूषण मंडळाकडून आलेल्यांबद्दल न लिहिलेलं बरं, पण लिहितोच. एक साहेब आले ते सरळ कारखान्याच्या गेस्टहाऊसवर, जेवण करून चार वाजता आमच्या दारात, आणि गाडीतून न उतरताच म्हणाले, मावशी, गावात राहायचं म्हणजे थोडं चालायचंच. दुसऱ्यांनी विचारलं की तुमच्या चुलीचाच धूर नाही ना. आमच्याकडं गॅस आहे. तिसऱ्यांनी कागद दाखवला, बगॅसच्या बॉयलरला घनमीटरभर धुरात १५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे आणि कारखाना त्यात बसतोय, बघा. बसणारच ना, तुम्ही दुपारी दोनला मोजताय! आणि गावातली मंडळी तर काय, "बगॅस म्हणजे उसाचंच आहे, आपल्याच शेतातलं" म्हणून मोकळी. ऊसबिल अडकलं तर काय घ्या, ही भीती सगळ्यांना, मला पण होती, खोटं कशाला बोलू.

मग तुम्ही आलात. उन्हात, कसलाही निरोप न देता, सोबत ते नवीन पोरगेलेसे फिल्ड ऑफिसर. आईनं नेहमीसारखं सगळ्यांना दाखवते तसं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर रोजचं दूध लिहिलेलं असतं, दीड, दोन, नागा, आणि काजळी पडली की त्याच चौकटीत कोपऱ्यात एक बारीक "का". आधीच्या साहेबांपैकी एक त्यावर हसले होते, कॅलेंडर काय पुरावा असतो का म्हणून. तुम्ही चष्मा वर करून एकेक चौकट वाचलीत आणि विचारलंत, काकू, या "का"च्या पुढं "प" आहे ते काय? आई म्हणाली, पहाटे. फेब्रुवारीत १७ "का" होते, त्यातल्या १५ च्या पुढं "प". तुम्ही त्या फिल्ड ऑफिसरांकडं नुसतं बघितलंत. काही बोलला नाहीत, पण ते बघणं मला अजून आठवतं.

आईला वाटलं मॅडमला कागद पाहिजे, तिनं पानाचा कोपरा धरलासुद्धा, फाडून देऊ का म्हणाली. तुम्ही एकदम हात पुढं केलात, "नको नको काकू, दुधाचा हिशोब जाईल."

मॅडम, खरं सांगतो, त्यानंतर तुम्ही काय केलंत ते सगळं मोठं आहे, पण आमच्या घरात बोललं जातं ते हेच. मोबाईलवर फोटो तर काढलातच, वर स्टूल ओढून वीस मिनिटं ते सगळं स्वतःच्या डायरीत उतरवून घेतलंत, चहावर साय धरली तरी. तुम्ही गेल्यावर आई एवढंच म्हणाली, बाई शिकलेली आहे. आईच्या तोंडून हे मी आजपर्यंत कुणाबद्दल ऐकलं नव्हतं, आणि मी बी.कॉम. आहे.

मग दहाबारा दिवसांनी पहाटे पावणेचारला दारावर टकटक. आई चीक ढवळत होती, मी घाबरून उठलो, बघतो तर तुम्ही दोघं. गच्चीवर जाऊन पांढरा कार्डशीट पसरलात, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि बॅटरी लावून उभ्या राहिलात. अर्ध्या तासात कागदावर ठिपकेच ठिपके. तिथून गाडी थेट कारखान्यावर. गेटवरचा वॉचमन माझा वर्गमित्र, तो सांगतो की तुम्ही ऑफिसात पाऊलच टाकलं नाहीत, सरळ बॉयलरच्या मागं जाऊन स्क्रबरच्या पंपाच्या मोटरीवर तळहात ठेवलात. गार होती. म्हणजे चिमणीतून धूर जात होता आणि त्याला धुणारं पाणीच बंद होतं.

नंतरच्या नोटिसा, सुनावण्या, बँक गॅरंटी यातलं मला फार कळत नाही आणि लिहायचंही नाही. पण तुम्ही आईला जे समजावून सांगितलं होतं ते मी आता दुकानात सगळ्यांना सांगतो. टनभर उसामागं २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणीच असतं, म्हणून तो नीट जळत नाही आणि अर्धवट जळलेलं वर उडतं. वेट स्क्रबर म्हणजे धुराची अंघोळ. आणि काकू, ही काळी पिसं दिसतात तरी, खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची, १० मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीचा पाचवा-सातवा हिस्सा, ती श्वासाबरोबर छातीत जाते. कुरडया वाया गेल्या ते कळलं, छातीचं कळायचं नाही. हे तुम्ही असं म्हणालात आणि आईला धाकटीचा दमा आठवला, ती एकदम गप्प झाली.

अजून एक बघितलंय मी, त्या पहाटे निघता निघता. फिल्ड ऑफिसरांना कुणाचा तरी फोन आला, बिचारे "हो साहेब, हो साहेब" करत घामाघूम. तुम्ही त्यांच्या हातातून फोन घेतलात आणि म्हणालात, रिपोर्टवर सही माझी असणार आहे, यापुढं मला फोन करा. आवाज चढवला नाहीत की काही नाही. त्या पोराचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. हाताखालच्या माणसाला पुढं ढकलून स्वतः मागं राहणारे साहेब ढिगानं बघितलेत, माझ्या दुकानात रोज येतात, उलटं करणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. नियम कायदा सगळं १९८१ पासून आहेच की हो, हवा कायदा तेव्हाचाच आहे, पण पहाटे चारला उठून यायचं असं त्यात कुठं लिहिलेलं नसणार.

यंदाच्या हंगामात काजळी अगदीच बंद झालीय असं नाही. पण कॅलेंडरवर आख्ख्या फेब्रुवारीत चारच "का" आहेत, "प" एकच. आणि आमचं ऊसबिल पण आलं, थोडं उशिरा आलं, पण ते सगळ्यांचंच उशिरा आलं.

परवा तुम्ही तपासणीला आलात तेव्हा आईनं कुरडयांची पिशवी पुढं केली, तुम्ही हात मागं घेतलात, घेता येत नाही काकू, विकत द्या. आईला जरा राग आला आणि जरा बरंही वाटलं. अर्ध्या किलोचे १८० झाले, तुम्ही २०० दिलेत, सुट्टे नव्हते, तुम्ही राहू द्या म्हणालात. आईनं राहू दिलेलं नाही. त्या दिवसाच्या चौकटीत दुधाच्या खाली लिहून ठेवलंय, "मॅडम २० द्यायचे". तर पुढच्या वेळी इकडं आलात की घेऊन जा.

तुमचा,
कुरडयावाल्या काकूंचा मुलगा