भिंतीच्या भेगेविषयी, लंडनहून

लंडन,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर भिंतीच्या भेगेचा विषय निघाला आणि त्यानंतर तुम्ही दोघेही दोन दिवस नीट जेवला नाहीत, असे धाकट्याकडून कळले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. फोनवर अर्धे बोलणे तुटते आणि उरलेल्या अर्ध्यातून काळजीच तेवढी पोहोचते. आमच्या प्रकृती, नोकऱ्या, बाळाची शाळा हे सर्व तुम्हाला दर आठवड्याला कळतेच, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. आधी मुख्य गोष्ट सांगते: आमचे घर पडणार नाही, ते सोडून भाड्याने राहायला जाण्याची गरज नाही आणि ही केवळ माझी समजूत नसून घर तपासून गेलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आहे.

घर १८९० च्या सुमारास बांधलेले, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेतले आहे. भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. पाया म्हणून काँक्रीट नाही. विटांचेच थर खाली पायरीपायरीने रुंद करत नेलेले आहेत आणि ते जमिनीत जेमतेम दोन फूट खोल आहेत. त्या काळी इथे तशीच पद्धत होती. बाबा, तुम्ही म्हणालात की इतका उथळ पाया आपल्याकडचा गवंडीसुद्धा घालणार नाही. ते खरे आहे, कारण या घराखालची जमीन आपल्या शेतासारखीच आहे. तिला इथे लंडन क्ले म्हणतात. रंग वेगळा असला तरी गुण आपल्या काळ्या मातीचाच आहे: पाणी मिळाले की फुगायचे आणि उन्हाळा कडक गेला की आक्रसायचे. फुगणे आणि आक्रसणे सगळीकडे सारखे झाले तर घराला त्रास होत नाही, पण एका कोपऱ्याखालची माती जास्त सुकली की तो कोपरा थोडा खाली बसतो आणि बाकीचे घर जागेवर राहते. भेग पडते ती या फरकामुळे.

इथल्या लोकांना हा प्रकार नवा नाही. १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याचा समावेश होऊ लागला आणि १९७६ च्या मोठ्या दुष्काळात इतक्या घरांना भेगा गेल्या की विमा कंपन्यांना हा विषय गांभीर्याने घ्यावा लागला. अलीकडे २०२२ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये प्रथमच पारा ४० अंशांच्या वर गेला, त्या वर्षीही असे अनेक दावे दाखल झाले. शेजारच्या आजी १९७६ पासून याच रांगेत राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत तेव्हापासूनची भेग आहे आणि त्या खोलीतच त्यांचा दिवस जातो.

आमची भेग मागच्या बाजूला आहे, जिथे मूळ घराला स्वयंपाकघराचा भाग जोडलेला आहे तिथे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली आहे. खाली केसाएवढी आणि वर सुमारे तीन मिलिमीटर. इंजिनिअर आले तेव्हा त्यांनी भेगेकडे पाहण्याआधी घरातील सगळी दारे उघडून लावून पाहिली, चौकटी काटकोनात आहेत का ते तपासले, बाहेर जाऊन विटांच्या ओळी डोळ्यांच्या रेषेत घेऊन पाहिल्या आणि मग टॉर्च लावून भेगेच्या आत बघितले. आत जुना रंग आणि धूळ असेल तर भेग जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. आमच्या भेगेत खालच्या भागात दोन थरांचा जुना रंग निघाला आणि वरच्या बोटभर भागाच्या कडा स्वच्छ होत्या. म्हणजे भेग आमच्या आधीपासूनची आहे आणि या कोरड्या उन्हाळ्यात ती थोडी पुढे सरकली. इथे भेगांची प्रतवारी रुंदीवरून करतात. पाच मिलिमीटरपर्यंतची भेग किरकोळ समजतात, पाच ते पंधरा मध्यम, आणि पंचवीसच्या पुढे गेली तरच घर धोक्यात आहे असे मानतात. आमची कुठे बसते ते तुमच्या लक्षात आले असेलच.

आता जी गोष्ट तुम्हाला पटली नाही आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मलाही पटली नव्हती, ती नीट सांगते. इथे भेग बुजवत नाहीत. ती मोजतात, आणि वर्षभर मोजतात. भेगेवर प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या बसवल्या आहेत. एक पट्टी भेगेच्या डाव्या बाजूला पक्की केलेली, तिच्यावर मिलिमीटरच्या बारीक चौकटी. दुसरी उजव्या बाजूला पक्की केलेली, पारदर्शक, तिच्यावर लाल रंगाची एक उभी आणि एक आडवी रेघ. पारदर्शक पट्टी चौकटींवर येते. भिंत जरा जरी हलली की लाल रेघ चौकटीवरून सरकते आणि भेग रुंदावली, मिटली की एक बाजू खाली गेली, हे तिथल्या तिथे वाचता येते. दर दोन महिन्यांनी माणूस येतो, आकडा लिहून घेतो, फोटो काढतो आणि जातो. तो सिमेंट आणत नाही, काही ठोकत नाही, चहासुद्धा घेत नाही. बाबा, तुम्ही विचारलेत की रोगी समोर असताना वैद्य नुसती नाडी धरून वर्षभर का बसतो. त्याचे कारण असे की माती ऋतूप्रमाणे हलते. उन्हाळ्याच्या शेवटी उघडलेली भेग हिवाळ्याच्या पावसात मिटत आली, तर दोष झाडाच्या मुळांचा आणि मातीच्या कोरडेपणाचा असतो. ती ऋतू न बघता सारखी वाढतच राहिली, तर फुटलेल्या गटाराचे पाणी खालची माती वाहून नेत असण्याची शक्यता असते. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. शिवाय उघडलेल्या भेगेत आताच कडक सिमेंट भरले, तर हिवाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहणार नाही आणि ती दुसरीकडे फुटेल. हे ऐकल्यावर मी गप्प झाले. गटारात कॅमेरा घालून तपासणी झाली आहे आणि नळ शाबूत निघाले, हेही सांगून ठेवते.

राहिले झाड. मागच्या शेजाऱ्यांच्या बागेत मोठा ओक आहे आणि ओक हे मातीतून भरपूर पाणी ओढणारे झाड आहे. ते सरळ तोडून का टाकत नाही, हे तुमचे म्हणणे मी इंजिनिअरांना जसेच्या तसे विचारले. एक तर त्या झाडाला कायद्याचे संरक्षण आहे. नगरपालिकेच्या परवानगीवाचून त्याची फांदीसुद्धा छाटता येत नाही, मालकालाही नाही. दुसरे म्हणजे एवढे झाड एकदम काढले तर ते ओढत होते ते सगळे पाणी मातीत राहील, माती फुगेल आणि आज खाली बसलेला कोपरा उद्या वर उचलला जाईल. ते जास्त वाईट. म्हणून छाटणीची परवानगी मागितली आहे. पाया खोदून त्याखाली काँक्रीट भरण्याचा उपायही असतो, एका वेळी मीटरभर लांबीचा तुकडा खोदून, पण तो अगदी शेवटचा आणि हल्ली क्वचित करावा लागणारा आहे.

आई, बाळाचा पलंग त्या भिंतीला लागून नाही. तो पुढच्या खोलीत आहे आणि पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. इतके जुने घर कशाला घेतले, असे तू विचारलेस. इथे आमच्या ऐपतीत आणि शाळेच्या जवळ बसणारी घरे बहुतेक याच वयाची असतात, आणि आम्ही बँकेच्या मूल्यांकनावर न थांबता पूर्ण तपासणीचे वेगळे पैसे भरून अहवाल घेतला होता. त्या अहवालात ही जुनी भेग नोंदवलेली होती आणि किंमत त्याप्रमाणे कमी करून घेतली होती. तुमच्या जावयांनी तो अहवाल ओळ न् ओळ वाचला होता. आम्ही डोळे झाकून काही केलेले नाही.

तुमची काळजी कुठून येते, हे मला माहीत नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी पाळण्यात होते, पण किल्लारीला मदतीसाठी गेलेले बाबा तिथून परतल्यावर कितीतरी दिवस माळवदाखाली झोपले नाहीत, हे आईकडून ऐकत मी मोठी झाले. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर हातभर मातीचे ओझे, आणि गणपती विसर्जनानंतर गाढ झोपलेली माणसे. भिंतीला भेग म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर ती गावे येणारच. पण इथे तसा भूकंपाचा धोका नाही, छप्पर हलके आहे, विटा एकमेकींत बांधलेल्या आहेत.

आणि म्हणूनच, बाबा, मला आपल्या घराविषयी लिहायचे आहे. माझ्या तीन मिलिमीटरच्या भेगेसाठी इथे इंजिनिअर येतो, अहवाल येतो, पट्टी लागते. आणि तुम्ही दोघे ज्या माजघरात झोपता त्याच्या मागच्या भिंतीला पोट आले आहे, हे मी मागच्या वेळी आले तेव्हा स्वतः पाहिले आहे. भूकंपानंतर मजबुतीकरण झाले ते ढाळजेच्या बाजूचे. मागची बाजू राहिली ती राहिलीच. अशा भिंतीत बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर असतात आणि मध्ये माती-खडी भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नसतील तर पाणी मुरून आतली भर फुगते, बाहेरचा थर सुटतो आणि भिंत पोट काढते. माळवद गळते म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी तुम्ही वर नवी माती टाकता, त्याने गळती थांबते हे खरे, पण खालच्या भिंतीवरचे ओझे दर वर्षी वाढते. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत पहिला सल्ला हाच होता की माळवदावरची माती उतरवा, छप्पर हलके करा, भिंतीत आरपार दगड किंवा त्या जागी काँक्रीटचे बंध घाला आणि वरून सलग पट्टा बांधा. तेव्हा हे तुम्हीच चार गावांना सांगत फिरलात.

फाल्गुनात धाकट्याचे लग्न ठरले, याचा इथे किती आनंद झाला ते काय लिहू. पण लग्नाआधी रंगसफेदी होणार, आणि रंगाखाली भेग दिसेनाशी होणार, याचीच मला धास्ती आहे. रंग लावण्याआधी तालुक्याच्या ठिकाणचा चांगला इंजिनिअर बोलावून मागची भिंत दाखवावी. तोवर धाकट्याला सांगून प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहून घ्यावी. भेग रेघेच्या पुढे गेली तर लगेच कळते. मांडवाची दोरी मागच्या भिंतीच्या खुंट्यांना बांधू देऊ नये आणि वऱ्हाडातली पोरे माळवदावर चढू नयेत, एवढे नक्की पाहावे.

यासाठी दोन लाख रुपये धाकट्याच्या खात्यावर पाठवत आहे. ते लग्नाचे नाहीत; लग्नाचे मी वेगळे, माघात पाठवीन. मुलीचे पैसे घराला लावायचे नाहीत, असे बाबा म्हणतील, पण त्याच घरात माझेही बालपण गेले आहे आणि पाठवावेत असे तुमच्या जावयांनीच आधी सुचवले. विम्यात जमीन खचण्याच्या दाव्याचे पहिले हजार पौंड आम्हाला भरावे लागणार, म्हणून इथे ओढाताण होईल असे मनात आणू नये. ते आम्ही आधीच बाजूला काढले आहेत. दिवाळीला येणे या वर्षीही जमत नाही. आई काही बोलली नाही, पण तिचे गप्प होणे मला फोनवरही ऐकू आले. लग्नाला आम्ही तिघेही हळदीच्या आधी पोहोचू, तिकिटे काढली आहेत. दाते-पंचांगातला मुहूर्त सकाळचा आहे की गोरज, तेवढे कळवावे, म्हणजे रजेचा अर्ज नीट लिहिता येईल. आणि इंजिनिअर कोणत्या दिवशी येणार तेही लगेच कळवावे, त्या वेळी मी फोनवर असेन.

बाळाचा आजी-आजोबांना नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

आपली लेक