डेपोवाल्या भाऊंना, दोन घमेली कचेबद्दल

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

ब्रासच्या, म्हणजे शंभर-शंभर घनफुटांच्या, हिशेबात माल उचलणाऱ्या ठेकेदारांच्या गर्दीत, दोन घमेली कच, म्हणजे खडी फोडताना पडणारा बारीक दगडी चुरा, मागायला आलेल्या बाईला खडीच्या डेपोवर कोण दारात उभं करतं? तुम्ही केलंत, वर हातात चाळण दिलीत. त्याबद्दल हे आभार. चारचौघांत लिहितेय ते एवढ्यासाठी, की नाशिकमध्ये गच्चीवर कुंड्या मांडून बसलेल्या कितीतरी जणांना हीच वस्तू हवी असते आणि ती कुणाकडे मागायची हे माहीत नसतं.

आपली काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत तिच्याशी जमत नाही. पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. पावसाळ्यात याच्या उलट. झड लागली की माती दिवसचे दिवस ओली राहते आणि अडेनियमचा, म्हणजे बुंध्यात पाणी साठवणाऱ्या त्या फुलझाडाचा, फुगीर बुंधा बोटाला मऊ लागायला लागतो. तो एकदा मऊ पडला की झाड हातचं गेलंच समजा. यावर उतारा म्हणजे खडेदार मिश्रण. पण परदेशी बागवाले ज्याची नावं घेतात त्यातलं अकादामा, म्हणजे दाणेदार माती, जपानमधलं आणि प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, आपल्याकडे बहुतेक बाहेरून येणारं, म्हणजे भाव विचारायचीही सोय नाही. परलाईट, ते पांढरे फुललेले दाणे, नर्सरीत मिळतं, पण ते इतकं हलकं की पाणी घातलं की वर तरंगतं. कोंबड्यांना खायला घालतात ते ग्रिट, म्हणजे बारीक खडे, घ्या असंही सांगतात. तिकडे ते ग्रॅनाइटचं मिळतं, आपल्या पोल्ट्रीच्या दुकानात मात्र शिंपल्यांची भरड पुढे येते. लिंबू पिळलं की फसफसते, म्हणजे चुनाच तो. कुंडीत घातला तर मातीचा सामू (पीएच) वाढवून ठेवणार.

तुम्ही यातलं काहीच ऐकत बसला नाहीत. "ताई, किती एमएमचं पाहिजे ते बोला." मी म्हटलं, तीन ते सहा. मग वीस एमएमचा ढीग, दहाचा ढीग मागे टाकून तुम्ही कचेच्या ढिगाशी नेलंत. मूठभर कच बादलीत टाकलीत, हात फिरवलात आणि पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी झालं. "ही भुकटी कुंडीत गेली तर खाली बसून घट्ट होईल, झाड मागाल आणि कोबा मिळेल." वर मोठी चाळण, खाली बारीक. वरच्या चाळणीवर राहिलं ते परत ढिगात, खालून पडलं ते गवंड्याला, मधलं माझं. धूळ उडायला लागल्यावर तोंडाला रुमाल बांधायला लावलात आणि चाळण्याआधी मालावर पाणी मारलंत, तेही लक्षात आहे.

भुकटीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. कण जितके बारीक, तितकं कुंडीच्या तळाशी पाणी जास्त उंचीपर्यंत अडकून राहतं आणि मुळं तिथेच कुजतात. म्हणून तळाला खापरं नि खडी अंथरायची जी पद्धत घरोघरी आहे, तिचा उपयोग नाही. ते अडकलेलं पाणी खडीत उतरत नाही, खडीच्या वर मातीतच थांबतं. म्हणजे मुळांची कोरडी जागा उलट कमी होते. खडे हवेत ते सगळ्या मिश्रणात, तळाला नाहीत. हे कितीदा सांगितलं तरी आमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना पटत नाही, तो भाग वेगळा.

विटेचं तुम्ही सांगितलंत ते तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. नुसता काळा दगड पाणी धरत नाही, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये अशा कुंडीला रोज पाणी घालावं लागेल. जोडीला पाणी पिणारं काहीतरी पाहिजे. तुम्ही दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्यात. खणखणीत वाजली ती नीट भाजलेली. बद्द वाजली ती कच्ची. तिचा तुकडा मी घरी रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी तळाला लाल गाळ. खंगर, म्हणजे जास्त भाजलेली वीट, तीही नको म्हणालात. ती जळून काचेसारखी होते आणि पाणी पीत नाही. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाडा उतरवत असतील तर तिथल्या विटांपेक्षा कौलं आणा, हेही तुमचंच. जुन्या विटांना चुना चिकटलेला असतो. कौलं फोडायला सोपी, पण त्यांचे तुकडे चपटे पडून एकावर एक बसतात, म्हणून मी ती थोडीच घालते.

आता माझं अडेनियमचं मिश्रण असं: एक भाग धुतलेली कच, एक भाग विटेचे तुकडे त्याच मापाचे, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट मिळून. दगड-विटा झाडाला खायला घालत नाहीत, त्यामुळे पातळ खत अधूनमधून द्यावंच लागतं. मोगऱ्याला आणि तुळशीला हे चालणार नाही, त्यांना कंपोस्ट जास्त लागतं. आणि वजन बघा: दहा लिटरच्या कुंडीत नुसती कच भरली तर पंधरा किलोच्या आसपास भरते, परलाईट भरलं तर जेमतेम एक किलो. वारं सुटलं की हे वजन कामी येतं, पण जुन्या इमारतीच्या गच्चीवर मोठ्या कुंड्या मधोमध मांडू नयेत, भिंतीच्या नाहीतर तुळईच्या रेषेत ठेवाव्यात.

कच धुताना मधूनच एखादा पांढरा, चमकणारा तुकडा हाताला लागतो. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार होणारी ही खनिजं, त्यातली बरीच झिओलाइट वर्गातली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात यांचेच मोठाले गुच्छ काचेत ठेवलेत. शेतीसाठी झिओलाइट पोत्यात भरून विकतात, कारण ते अमोनिया आणि पालाश धरून ठेवतं. माझ्या चिमूटभराने कुंडीत काही फरक पडत नसणार, तरी मी ते तुकडे वेगळे काढून खिडकीत ठेवते.

पहिल्या खेपेला तुम्ही पैसे घेतले नाहीत, "एवढ्याशाचं काय बिल करायचं" म्हणालात. भाऊ, आता बोन्साय करणाऱ्या माझ्या मैत्रिणी येणार आहेत, आणि त्या दोन घमेल्यांवर थांबणाऱ्यातल्या नाहीत. दुपारी गाड्या भरून झाल्यावर येऊ, चाळण्या आमच्या आणू, उरलेली भुकटी ढिगावर परत टाकून जागा झाडून देऊ. पैसे मात्र या वेळी घ्यायचे.

आपली,
इंदिरानगरची अडेनियमवाली ताई