मेलची मर्यादा लावून देणाऱ्या कुडाळच्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातून जांभ्याच्या घरांचे नकाशे मेलने जातात. १८ एमबीची पीडीएफ काही केल्या जाईना. पोस्टफिक्स या आमच्या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये मेसेजच्या आकाराची मर्यादा मुळात १,०२,४०,००० बाइट (सुमारे १० एमबी) असते. "वाढवून टाका सरसकट," असंच सगळे सांगत होते. तुम्ही एकट्याने विचारलंत, "बाहेरून येणाऱ्या मेललाही एवढी मोकळीक हवीय का?" नको होती. पावसाळ्यात इथली लाइन रडतखडत चालते, सर्व्हरची डिस्कही लहान.

मग तुम्ही मेन.सीएफ या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये ४० एमबी ठेवायला लावलेत आणि एकेका सेवेची सेटिंग असलेल्या मास्टर.सीएफमध्ये फक्त पोर्ट २५ च्या, म्हणजे बाहेरचा मेल येतो त्या वाटेच्या, ओळीखाली १५ एमबी. उलटं केलं तर चालत नाही, हेही नीट समजावलंत: मेल आत घेणारा क्लीनअप हा पोस्टफिक्सचा भाग मेन.सीएफचाच आकडा पाहतो, त्यामुळे तिथे मोठी मर्यादा हवी आणि दारावर लहान. मेलबॉक्सची मर्यादा मेसेजच्या मर्यादेपेक्षा कमी नाही ना, तेही आठवणीने तपासायला लावलंत. ती ५,१२,००,००० बाइट होती, म्हणून निभावलं.

सगळ्यात उपयोगी पडला तो बेस६४चा, म्हणजे मेलसाठी फाइलचं अक्षरांत रूपांतर करायच्या पद्धतीचा, हिशेब. जोडलेली फाइल मेलमध्ये एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते, म्हणजे आमची १८ एमबी जवळपास २५ होते. ४० च्या मर्यादेत फाइल जेमतेम २९ ची बसते. ऑफिसातल्या पोरांना मी आता हाच आकडा सांगतो.

नवी सेटिंग लागू व्हायला पोस्टफिक्स रीलोड केल्यावर तुम्ही दोन्ही पोर्टवर एहलो, म्हणजे मेल सर्व्हरशी बोलणं सुरू करायची आज्ञा, द्यायला सांगितलंत. २५ वर 'साइझ १५७२८६४०', आणि आमचा मेल पाठवायच्या ५८७ वर 'साइझ ४१९४३०४०'. एकाच सर्व्हरची दोन वेगळी उत्तरं पडद्यावर पाहिली आणि फार आनंद झाला! समोरचा सर्व्हर हा आकडा आधीच वाचतो, त्यामुळे मोठा मेल निम्मा येऊन अडकत नाही, सुरुवातीलाच परत जातो. मंद लाइनवाल्यांना याची किंमत कळेल.

समोरच्याची मर्यादा आपल्या हातात नसते, हेही तुम्ही बजावलंत. जीमेलवाल्या घरमालकांना आम्ही आता मोठ्या नकाशांची लिंक पाठवतो.

पैशाचं नावही काढू दिलं नाहीत. रत्नागिरीला आलात की घरी जेवायलाच या.

आपला,
रत्नागिरीचा एक ऋणी