मंत्री महोदय, कायदा वृद्धाश्रमाच्या दारात अडतो

प्रति,
मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री

स. न.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा न सांभाळणाऱ्या मुलांना जाब विचारतो, हे चांगलंच आहे. पण म्हातारं माणूस पैसे भरून एखाद्या खासगी आश्रमात राहत असेल, तर तिथे त्याची आबाळ करणाऱ्याला कोण विचारणार?

कलम २४ पाहा. वृद्धाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंथरुणाला खिळलेल्या बाईला कुणी सोडून दिलेलं नसतं. ती खाटेवरच असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर तिला रात्रभर कुणी हात लावत नाही. माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फाटते, मग जखम खोल जाते. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र रात्रीच्या सगळ्या खुणा एकाच पेनने, एकाच दमात केलेल्या. हा गुन्हा कशात बसवायचा? भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ आहे : असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळली, तर पुन्हा तेच, तीन महिने, पाच हजार. (जुन्या दंडसंहितेत दंड दोनशे रुपये होता, म्हणजे प्रगती आहे म्हणायची!)

आश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. २०२४मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळलं. ते पुन्हा आणा, पण आहे तसं नको. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून जखमा भरत नाहीत.

खरी अडचण तक्रारीची आहे. नातेवाईक आवाज चढवतात आणि उत्तर येतं, "पटत नसेल तर घेऊन जा." घरी न्यायची सोय नसते, म्हणून माणसं गप्प बसतात. तेव्हा तक्रार केली म्हणून कुणाला बाहेर काढता येणार नाही, असं कलम हवं. न सांगता होणारी तपासणी हवी, आणि तीत अधिकाऱ्याने कार्यालयात चहा न घेता पांघरूण दूर करून पाठ पाहावी. बाललैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सोने २०१२पासून सर्वांवर बंधनकारक केलं आहे. तसंच बंधन आश्रमात येणाऱ्या डॉक्टरवर आणि परिचारिकेवर घाला. जखम सर्वांत आधी तेच पाहतात.

विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार, एवढं जाहीरपणे कळवावं.

आपला,
एक नागरिक