सिंडीचे नाव लेखात नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पदवी हातात पडताच तू लिहून पाठवलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आई म्हणून आणि दुसऱ्यांदा, पेन्सिल घेऊन, तुझ्याशी भांडण्यासाठी. शहरातले संगीत आणि भिंतींवरची चित्रे वर्गाबाहेर, कोणाच्याही मदतीवाचून, आपोआप जन्मतात आणि म्हणून जिन्याखालची सरावाची खोली सोडली तर आपली कॉलेजची सगळी वर्षे वायाच गेली, असे तुझे म्हणणे. मला ते पटले नाही. आणि न पटण्याचे कारण तुझ्याच पहिल्या परिच्छेदात आहे.

हिप-हॉप या संगीतप्रकाराची सुरुवात तू ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्रीपासून धरली आहेस. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स, सेजविक अव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत आणि टर्नटेबलांपाशी उभा असलेला अठरा वर्षांचा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, हे सारे तू उत्तम रंगवले आहेस. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून गाण्यातला केवळ तालाचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', तो कसा लांबवत असे, हे तर मला प्रथमच नीट समजले. पण ती मेजवानी ठरवली कोणी? त्याची बहीण सिंडी हिने. आणि तीही नव्या शालेय वर्षासाठी कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे प्रवेशशुल्क होते, आणि जागा होती इमारतीतल्या रहिवाशांची सामाईक खोली. ज्याला तू रस्त्यावरचे संगीत म्हणतेस, ते रस्त्यावर नव्हे तर एका खोलीत सुरू झाले आणि निमित्त झाले शाळा उघडण्याचे. एवढ्या लेखात सिंडीचे नाव एकदाही येऊ नये, याचे मला खरोखर वाईट वाटले. ज्या बाईने खोली मिळवली, शुल्क ठरवले आणि माणसे जमवली, तिची आठवण नेहमीच मागे पडते. आणि हे मी केवळ आई असल्यामुळे म्हणत नाही, किंवा म्हणतही असेन.

ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेचेही तसेच. त्याच्या हातांच्या चपळाईवर तू एक पान खर्च केले आहेस, पण तो व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता, ही गोष्ट गाळलीस. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जात असताना दुसरी आपल्याला हेडफोनमध्ये आधी ऐकता यावी, यासाठी त्याने जी जोडणी स्वतः तयार केली, ती त्या अभ्यासाशिवाय त्याला सुचली असती का, याचा विचार कर. वर्गात शिकलेले वर्गाबाहेर उपयोगी पडले, तर त्याला वर्ग वाया गेला असे कसे म्हणायचे?

रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राबद्दलचा तुझा परिच्छेद मला सर्वांत आवडला. १९८० मध्ये आलेले हे यंत्र खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून फारसे खपले नाही, सुमारे १२,००० यंत्रांनंतर तीन-एक वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागल्यावर खिशात पैसे नसलेल्या तरुणांनी त्याच 'खोट्या' ठोक्यावर नवे संगीत उभे केले. येथे तू कोणालाही शूर ठरवत नाहीस, फक्त घडले कसे ते सांगतेस, म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटते.

भिंतींवरून सुरुवात केलेला न्यूयॉर्कचा चित्रकार जाँ-मिशेल बास्किआ याचे १९८२ मधले चित्र २०१७ साली ११ कोटी ५ लाख डॉलरना विकले गेले, हे वाक्य मात्र सरळ काढून टाक. चित्रकार १९८८ मध्येच, सत्ताविसाव्या वर्षी गेला होता. त्या रकमेतून त्याच्या कलेविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी त्याच्या आईविषयी लिही. ती त्याला लहानपणी संग्रहालयांत नेत असे, आणि सातव्या वर्षी मोटारीच्या धडकेने तो रुग्णालयात पडला, तेव्हा तिने त्याला शरीररचनेचे पुस्तक आणून दिले. पुढे त्याच्या चित्रांत कवट्या आणि हाडे दिसत राहिली, ती बरीचशी त्या पुस्तकातली.

तुझा राग मला समजतो. रात्री दहाला खोलीला कुलूप लागायचे, आणि नेमकी तेव्हाच तुमची चाल जुळू लागलेली असायची. पण ती खोली, तिच्यातला आवाज मिसळण्याचा, कोणाचाही नसलेला जुना मिक्सर, परीक्षेआधीचे ते मोकळे दुपारचे तास आणि तेवढ्याच मोकळ्या वेळेचे तीन मित्र, हे सगळे एकत्र तुला मिळाले ते विद्यार्थी असल्यामुळे. पुढच्या महिन्यात दोघे नोकरीला लागतील, तिसरा दुसऱ्या शहरी जाईल, आणि खोलीची किल्ली तर तू परत केलीच आहेस. त्या खोलीवर तू दोनच ओळी लिहिल्या आहेस. मला तेथे दोन पाने हवी आहेत: भिंतींवर कोणी काय लिहून ठेवले होते, कोणत्या स्पीकरचा पडदा फाटलेला होता, पहिले स्वतःचे गाणे कितव्या प्रयत्नात नीट वाजले.

लेख सुधारून होईपर्यंत आपली मागची खोली तुझी. कपाट मी हलवून घेतले आहे, सामान शनिवारी आणलेस तरी चालेल. रात्री दहानंतर मात्र हेडफोन लावावे लागतील; तो नियम येथेही आहे.

तुझी,
आई